बादल पोचला, ताई

ताई, बादल पोचला. तुला हेच आधी सांगावंसं वाटतं, कारण फोनवरचं तुझं शेवटचं बोलणं त्याच्याबद्दलच होतं.

"मंगे, पोरगा लय शांत आहे वो. एवढ्या रस्त्यानं एकदाही भुकला नाही. आता भंडारा सोडलं. उजाडता उजाडता घरी."

मी इकडे पवनीला अर्धवट झोपेत होते. "पोचल्यावर फोन कर," म्हटलं आणि कूस बदलली. पुढचा फोन आला तो भाऊजींचा. ते "मंगला" एवढंच म्हणाले आणि थांबले. मला वाटलं, रेंज गेली. मी आपली हॅलो हॅलो करत राहिले. मग त्यांच्या मागे कुणीतरी बाई रडत असल्याचं ऐकू आलं आणि मी उठून बसले.

लाखनीच्या पुढे धुक्यात एक ट्रक उभा होता. मागचा दिवा नाही, काही नाही. तुझ्या गाडीवाल्याचा हात मोडला. त्याला जो कोणी दिसेल त्याला तो सांगत होता, "दिवा नव्हता हो, दिवाच नव्हता." मला सांगितलं, भाऊजींना सांगितलं, मग झाडूवाल्या बाईलाही सांगितलं. तू पुढच्या सीटवर डाव्या बाजूला बसली होतीस.

दवाखान्यात मी तुझ्याआधी बादलला पाहिलं. फाटकाजवळच्या कडुनिंबाला त्याला कुणीतरी बांधून ठेवलं होतं. पिंजरा मागे होता, म्हणून त्याला कानावर थोडं खरचटलं होतं, बाकी काही नाही. चहावाल्यानं त्याच्यासमोर पाणी ठेवलेलं, त्यानं तोंड लावलं नव्हतं. मी त्याच्यापुढे थांबले आणि, ताई, मी त्याचे खांदे पाहिले. छातीची खोली पाहिली. मागचे पाय सरळ आहेत का ते पाहिलं. तू शिकवलंस तसं, वरून खाली, पुढून मागे. आत तू पांढऱ्या चादरीखाली होतीस, आणि मी बाहेर उभी राहून मनात म्हणत होते, मान सुरेख आहे. हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. त्या वेळी माझं डोकं चालत नव्हतं, फक्त डोळे चालत होते.

लोक काय बोलले ते तुला कळायला हवं. तेराव्याला तुझी चुलत सासू सगळ्यांसमोर म्हणाली, "कुत्र्यापायी गेली शालू." पंगत जेवत राहिली. मी वाढत राहिले. भाऊजी उठून गोठ्याकडे गेले. त्यांनी बादलला घरी आल्यापासून गोठ्याच्या पार टोकाला बांधून ठेवलं होतं, तुझ्या बाकीच्या कुत्र्यांपासून दूर. भाकरी गडी टाकायचा. भाऊजी त्याच्याकडे बघतही नसत. मला एकदा म्हणाले, "त्याचं तोंड मले पाहाचं नाही मंगला. कोणी मागतलं तर देऊन टाक. सारेच देऊन टाक."

ताई, तुझं माहेर विणकरांचं. बाबांच्या मागावरून उतरलेल्या लुगड्यात एक धागा चुकला तर तो तू दारातून दाखवायचीस. तीच नजर तू साकोलीकडच्या धानाच्या घरात घेऊन गेलीस आणि तिथे ती कुत्र्यांवर लावलीस. लग्नानंतर कितीतरी वर्षांनी, मूलबाळ होणार नाही हे नक्की झाल्यावर, तू कारवानी कुत्र्यांची एक जोडी आणलीस. सासरचे हसले. शेतकऱ्याच्या बाईनं कुत्री पाळावी आणि त्यांच्या जोड्या लावाव्यात, त्याही पाहुण्यांसमोर मोठ्यानं बोलून! पण त्यातल्या नराला, तुझ्या पवनला, धावताना एकदा पाहिलं की हसणं बंद व्हायचं. तळ्याच्या पाळीवरून तो निघाला की पाय जमिनीला लागतात की नाही ते कळत नसे.

तुला तोच पवन पुन्हा पुन्हा हवा होता. तशीच लांब मान, तसंच पातळ पोट, तसाच शांत स्वभाव. म्हणून तू त्याची जोडी त्याच्याच रक्तात लावत गेलीस. पुतणी, नात, सावत्र बहीण. आणि पिल्लं खरंच एका साच्यातून काढल्यासारखी निघाली. नागपूरहून, रायपूरहून लोक यायचे. तू पिल्लं देताना घरच्यांची अशी चौकशी करायचीस की जणू मुलगी द्यायची आहे.

माझा संसार मोडून मी पवनीला परत आले, तेव्हा सगळे मला समजावत होते. तू नाही समजावलंस. तू गाडी पाठवून मला बोलावून घेतलंस, आणि तुझी कुत्री रेवा वीत असताना माझ्या हातात एक निपचित पिल्लू आणि टॉवेल ठेवलास. "घास. थांबू नको." मी घासत राहिले. ते थंडच होतं. मी रडायला लागले तर तू ओरडलीस, "रड, पण हात थांबवू नको!" मग त्यानं तोंड उघडलं आणि दारावरच्या बिजागरीसारखा एक बारीक आवाज काढला. तीच चिमणी. त्या दिवसापासून मी दर महिन्याला तुझ्याकडे यायला लागले. माझं दुकान, माझ्या साड्या, माझं सगळं पुन्हा उभं राहिलं ते तिथून. याबद्दल तुझ्याशी कधी बोलले नाही. तू बोलू दिलं नसतंस.

आणि त्यानंतरच आपलं भांडण सुरू झालं, कारण मी आता बघायला शिकले होते. वेतातली पिल्लं कमी होत चालली होती. काही जन्मल्यावर आठवडाभरात मरायची. मग एका संध्याकाळी रेवा अंगणातल्या खाटेवर आदळली. खाट रोजच्या जागेवर नव्हती, एवढंच. तू खाट जागेवर ओढलीस. दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला तू मुद्दाम वाटेत बादली ठेवलीस आणि रेवाला हाक मारलीस. ती शेपटी हलवत सरळ आली आणि बादलीवर पडली. दिवसा तिला नीट दिसायचं. ऊन उतरलं की नाही. डॉक्टरांनी डोळ्यांत टॉर्च मारून पाहिलं आणि म्हणाले, हे औषधानं थांबायचं नाही, वाढतच जाणार, आणि हे रक्तातून आलेलं आहे.

मी तेव्हा म्हणाले, "बाहेरचं रक्त आण. लांबचा, काही नातं नसलेला नर आण. दुसरा उपाय नाही."

तू म्हणालीस, "नात्यात जोडी लावल्यानं रोग जन्मत नाही मंगे. लपलेला असते, तो बाहेर येते."

"मग येऊ द्यायचा?"

"आला म्हणून तर मले दिसला. आता कोणाले ठेवाचं, कोणाले नाही, हे मले कळते. तू बाहेरचा आणशीन, त्याच्यात काय लपलं आहे ते तुले माहीत आहे का? डोळे वाचले आन् कंबरडं गेलं, तर? आपल्या घरचं दुखणं मले ओळखू येते. त्याइच्या घरचं नाही."

हे तुझं खरं होतं. माझंही खोटं नव्हतं. म्हणून तर भांडण संपत नव्हतं. दिवाळीत, संक्रांतीला, बाबांच्या श्राद्धाच्या जेवणावर सुद्धा. भाऊजी पान खात ऐकायचे आणि म्हणायचे, "तुमच्या दोघींचं चालू द्या, मी धान पाहून येतो."

पण मी तुला हेही सांगते की तुझी हिंमत मी पाहिली आहे. रेवाचा भाऊ शेरा, अख्ख्या जिल्ह्यात तसा देखणा नर नव्हता. नागपूरचे ते साहेब त्याच्यासाठी दोनदा आले. तू त्यांना चहा दिलास, पोहे दिलेस, आणि म्हणालीस, "ह्याची बहीण आंधळी होऊन राहिली. ह्याच्यातही असू शकते. मी हा देणार नाही आन् ह्याची जोडीही लावणार नाही." त्याच आठवड्यात त्याची नसबंदी करून घेतलीस. नंतर न्हाणीत जाऊन बराच वेळ पाणी ओतत राहिलीस. मी बाहेर उभी होते. आंधळी होत गेलेली एकही कुत्री तू कुणाला दिली नाहीस, सोडलीही नाहीस. अंगणातल्या वस्तू मात्र त्या दिवसापासून कुणी जागची हलवायची नाही असा नियम झाला. पाहुण्यांनी चपला कुठेही काढल्या तर तू उचलून कडेला ठेवायचीस.

शेवटी एकटी चिमणी उरली, जिच्यापासून पुढे काही होऊ शकत होतं. रेवाची लेक म्हणजे तिच्या रक्तात ते असणारच, पण तिचे स्वतःचे डोळे शाबूत होते. तीही आता तरुण नाही.

आणि मग धान कापून पेंढ्यांचे पुंजणे लागल्यावर तू अचानक फोन केलास. "मी सोलापूरकडे जाऊन राहिली. नर आणाले."

माझा विश्वास बसेना. "बाहेरचा?"

"हो, बाहेरचा."

मी जिंकले असं वाटलं, ताई. खरं सांगते, दुकानात एकटीच हसले. पण जिंकल्याचा आनंद तू मला घेऊ देत नव्हतीस. किती विचारलं, मत कसं बदललं? तू म्हणालीस, "आल्यावर सांगतो." दोन दिवसांत येणार होतीस, ते लांबत गेलं. भाऊजी वैतागले. तू आपली रोज फोनवर, "थोडं काम आहे, येतो."

ते काम काय होतं, तू सांगायची राहिलीस. मी तुझं सामान पाहिलं, त्यात काहीच नव्हतं. दोन साड्या, शाल, एक पट्टा. म्हणून मी मान्य करून टाकलं की आता कधीच कळणार नाही.

परवा सकाळी सोलापूरकडच्या त्या अण्णांचा फोन आला, ज्यांच्याकडून तू बादल आणलास. त्यांना कुणीतरी तू गेल्याचं सांगितलं होतं. तुझा फोन भाऊजींकडे असतो, पण ते उचलत नाहीत, म्हणून मी उचलला. तू गेल्याचं खरं का, हे अण्णांनी आधी विचारून घेतलं. मग म्हणाले, "लई मोठ्या मनाची बाई. आमच्या घरी आठवडाभर ऱ्हायली. तुमी बहीण का?"

मी म्हटलं, "हो. तिला बाहेरचं रक्त आणायला मीच सांगत होते."

ते म्हणाले, "बाहेरचं कुठलं, ताई? तुमच्या घरचंच न्यायला आल्या हुत्या की त्या!"

मला कळेना. तेव्हा त्यांनी सांगितलं. पवनच्या पहिल्या वेतातली एक मादी, तिची शेपटी वाकडी होती म्हणून तू ती ओळीतून काढून टाकली होतीस. एक मेंढपाळ इकडून जाताना तुझ्या अंगणात थांबला होता, त्याला तू ती देऊन टाकलीस. तो तिला आपल्या गावी, अण्णांकडे घेऊन गेला. तिकडे तिची जोडी तिकडच्याच कुत्र्यांशी लागत गेली. ती म्हातारी आजही जिवंत आहे, अण्णांच्या वाड्यावर. बादल तिचा नातू. म्हणजे पवनचा पणतू.

"रोज दिवस बुडायला लागला की मला म्हणायच्या, चला अण्णा, गाडी काढा. मग म्हातारीची जेवढी पिलावळ ज्या ज्या वस्तीवर दिलीय, तिथं तिथं जायाचं. बाई बांधावर बसायच्या आन् अंधार पडंस्तवर कुत्र्यांची पळापळ बघायच्या. वाटंत काठी आडवी टाकायच्या. एकबी कुत्रं अडखळलं न्हाई. मी म्हनलं, बाई, आता तर खात्री झाली? तर म्हनल्या, खात्री न्हाई अण्णा. न दिसता बी रक्तात असू शकतं. पर एवढं बघितल्यावर जोडी लावायला मन धजतंय."

मी फोन स्पीकरवर ठेवला होता. का ठेवला ते आठवत नाही. वळून पाहिलं तर भाऊजी दारात उभे.

ताई, तू हरली नव्हतीस. मी जिंकले नव्हते. तू मला "बाहेरचा" म्हणालीस ते अर्धं खरं होतं, आणि उरलेलं अर्धं सांगताना माझं तोंड पाहायचं होतं तुला, म्हणून "आल्यावर सांगतो" म्हणालीस. ते तोंड मी परवा केलं. समोर तू नव्हतीस. मी आधी हसले. इतकं मोठ्यानं की अण्णा पलीकडून "काय झालं, काय झालं" करायला लागले. मग माझ्या घशातून दुसराच काही आवाज यायला लागला आणि भाऊजींनी माझ्या हातातून फोन घेतला. तू गेल्यापासून मी रडले नव्हते. कुणीतरी तोंडावर मारल्यासारखी नुसती फिरत होते. घर झाडलं, पाहुण्यांना वाढलं, तुझी दागिन्यांची पेटी भाऊजींच्या हवाली केली. रडले ती परवा, आणि तेही तू भांडणात मला पुन्हा एकदा हरवलंस म्हणून.

काल संध्याकाळी भाऊजी गोठ्याकडे गेलेले दिसले. बराच वेळ आले नाहीत म्हणून मी बघायला गेले. ते बादलसमोर उकिडवे बसले होते. त्यांनी काही त्याला हात लावला नव्हता. नुसते पाहत होते. मला पाहून म्हणाले, "पवनसारखाच दिसते वो थोडा. कानाच्या इथं."

"भाऊजी," मी म्हटलं, "चिमणी माजावर आली आहे. आजपासून दोनेक दिवसच आहेत. नंतर पुन्हा येईल की नाही सांगता येत नाही, वय झालंय तिचं. तुम्ही म्हणाल तर नको. देऊन टाकू सगळी."

त्यांनी बादलच्या दोरीकडे पाहिलं. मग म्हणाले, "मले हे काही येत नाही. तीच करे. मी तर धानाचं पाहो."

"मला येतं. तिनं शिकवलंय. पण दोघं लागतात."

आज सकाळी जोडी लावली. ऊन अंगणात आलं होतं. मी चिमणीला धरलं, भाऊजींनी बादलला दोरीनं आणलं.  बादल थोडा घाबरलेला, या घरात त्याच्याशी अजून कुणी प्रेमानं बोललेलं नव्हतं. चिमणीनंच पुढे होऊन त्याचं तोंड हुंगलं. मग सगळं आपोआप झालं आणि ती दोघं एकमेकांत अडकून, पाठीला पाठ लावून उभी राहिली. तुला माहीत आहे, अशा वेळी त्यांना हलू द्यायचं नसतं. मी चिमणीचं डोकं मांडीवर घेऊन मातीत बसले. भाऊजी बादलपाशी बसले, एक हात त्याच्या छातीखाली घालून.

"आता?" त्यांनी विचारलं.

"आता थांबायचं. सुटतील तेव्हा सुटतील."

तिथून उठून जाता येत नव्हतं. ताई, तुझ्या घरात तू गेल्यापासून आम्ही दोघं एका जागी असे बसलोच नव्हतो. एक आला की दुसरा उठायचा. आज बसावंच लागलं. थोड्या वेळानं भाऊजी बादलकडे बघत बोलायला लागले.

"मी नको म्हणलो होतो तिले. म्हणलो, धान चुरून दाणा काढाचा आहे, आत्ता कायले जातेस. तर म्हणे, धान काय पळून राहिलं का? चिमणीचे दिवस पळून राहिले." ते थोडे हसले. "निघाली तवा मले हातही नाही केला. गाडीत बसल्या बसल्या त्या गाडीवाल्या पोराले रस्ता सांगाले लागली."

मी म्हटलं, "ती कधीच हात करायची नाही."

"हो ना. माहेरी गेली तरी नाही करे."  बादलनं मान वळवून त्यांच्या मनगटाला तोंड लावलं, आणि त्यांनी पहिल्यांदा त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "मी तिले तिथंच ओळखलो मंगला. पोलीस म्हणे, या, पाहून सांगा. मी दुरूनच सांगतलं. तिची शाल होती. पण मले वाटे, शाल कोणाचीही असू शकते. अजूनही वाटते. गाडीचा आवाज आला की मी उठतो."

 मलाही वाटतं. काल दुकानातल्या एका जुन्या गिऱ्हाईक बाईनं फोनवर विचारलं, "ताई कशा आहेत?" तिला माहीत नव्हतं. माझ्या तोंडून निघून गेलं, "बरी आहे." आणि मी तिला साडीचा भाव सांगायला लागले.

पिल्लं झाली तर, ताई, दिसायला ती सुंदर असतील यात शंका नाही. पण डोळ्यांचं आम्हाला लगेच काहीच कळणार नाही. ती मोठी होतील, मग एकेका संध्याकाळी वाटेत बादली ठेवून बघावं लागेल, आणि तू अण्णांना म्हणालीस तसं, रोग दिसला नाही म्हणून तो नाहीच असंही नाही. यातलं एकही पिल्लू मी ते कळेपर्यंत कुणाला देणार नाही. भाऊजी म्हणाले, एवढी कुत्री घरात मावतील का. मग स्वतःच म्हणाले, मावतील.

ऊन पायरीवर चढलं तेव्हा ती सुटली. चिमणी अंग झाडून उभी राहिली. बादल धापा टाकत भाऊजींच्या पायाशीच आडवा झाला. भाऊजींच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी काहीतरी उजळलं. ते गुडघ्यावर हात टेकून उठले, घराकडे वळले आणि मोठ्यानं, नेहमीच्या आवाजात ओरडले,

"शालू, झालं वो!"

मग ते तसेच उभे राहिले, तोंड अर्धवट उघडं. आणि ताई, मी चिमणीची दोरी हातात धरून दाराकडे पाहत होते.